पाय पाहणाऱ्या बाई

समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता त्याची अख्खी कुंडली मांडणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली, आणि ती दोन वर्षं माझ्याच बाकावर बसत होती. किनेसिऑलॉजी, म्हणजे माणसाचं शरीर हलतं कसं याचं शास्त्र, शिकायला आम्ही अकरा जण चंद्रपूरच्या एका कॉलेजातल्या विभागात होतो. आमच्या ब्रह्मपुरीला माझे वडील हे जमेल तसं समजावून सांगायचे, “पोरगा चालन्याचं शिकून राह्यला,” आणि ऐकणारा विचारायचा, “काऊन, आतापर्यंत येत नव्हतं का?” दहा जण तेवीस-चोविशीचे होतो. अकराव्या या बाई. भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत खेळाच्या शिक्षिका, वय चव्वेचाळीस, अंगावर सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. शाळेतून लांब रजा घेऊन त्या शिकायला आल्या होत्या, आणि आल्या दिवसापासून त्यांनी विभागातल्या प्रत्येकाचे पाय पाहायला सुरुवात केली होती.

पाहायला म्हणजे चोरून नव्हे. बसस्टँडवर एका कंडक्टरला त्यांनी भर गर्दीत थांबवलं आणि म्हणाल्या, “भाऊ, डावा जोडा काढा बरं.” तो इतका गोंधळला की त्याने काढला. बाईंनी जोडा उलटा करून बाहेरच्या बाजूने झिजलेली टाच त्याला दाखवली, गुडघा दुखतो का विचारलं, आणि तो हो म्हणताच त्याला तिथेच दोन व्यायाम शिकवले. मूल गावची बस त्या दिवशी दहा मिनिटं उशिरा सुटली आणि कोणाचीही तक्रार नव्हती, कारण निम्मे प्रवासी आपापल्या चपला उलट्या करून बघत होते. आमचे मार्गदर्शक सर फार विद्वान, पण कुबड काढून चालायचे. बाई व्हरांड्यात दिसल्या की ते ग्रंथालयाला वळसा घालून वर्गात येत. मेसमधला आचारी मात्र त्यांना मानायचा. तो लंगडतो ते पायामुळे नाही, चुलीसमोर सतत एकाच बाजूला भार देऊन उभा राहिल्यामुळे, हे त्यांनी त्याला सांगितलं होतं आणि आळीपाळीने पाय टेकवायला विटांचा एक ओटाही रचून दिला होता. आम्ही पोरं हसायचो. त्यांच्या इंग्रजीला जास्तच. मांडीच्या हाडाला, ‘फीमर’ला, त्या ‘फेमर’ म्हणायच्या, आणि मी वर्गात त्यांची नक्कल करून दाखवायचो. एकदा त्या दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, “चांगली केली भाऊ, पन मी मान इतकी नाई हलवत.”

त्यांचं माहेर मूलजवळ, धानाच्या पट्ट्यात. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत त्या मला तिकडे घेऊन गेल्या, कारण माझ्याजवळ चांगला मोबाईल होता आणि त्यांना व्हिडिओ हवे होते. बांधीत, म्हणजे बांधाने अडवलेल्या त्या चिखलाच्या तुकड्यात, पाऊल टाकताच मी तोंडावर पडलो. ओळीने वाकलेल्या बाया इतक्या हसल्या की रोवणी थांबली. मग बाईंनी मला बांधावर बसवून दाखवलं. बहुतेक जणी दोन्ही पाय जोडीने ठेवून वाकत होत्या आणि दुपारपर्यंत कंबर धरत होत्या. पण चार-पाच म्हाताऱ्या एक पाय मागे ठेवायच्या आणि हातातली पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी संपली की पाय बदलायच्या. संध्याकाळी या म्हाताऱ्या ताठ चालत घरी जायच्या. “माझी माय असंच करे,” बाई म्हणाल्या. “तिले कोनी शिकवलं नाई. हे मोजून पाह्यचं हाय मले. पोरींना शिकवता येईल.” हा त्यांचा प्रबंध होणार होता. सरांना त्या अजून बोलल्या नव्हत्या, आधी इंग्रजीत नीट लिहून काढणार होत्या.

माझा विषय कबड्डीपटूंच्या उड्यांचा. माझे खेळाडू ऐन वेळी गावोगावच्या सामन्यांना निघून गेले आणि विभागाच्या परिषदेला तीन आठवडे उरले तेव्हा माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. मोबाईलमध्ये मात्र ते व्हिडिओ होते. मी मनाशी म्हटलं, मोजमाप तर मीच करणार आहे, व्हिडिओही मीच काढलेत. माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो, हे मला तेव्हा कळलं. मी रात्रंदिवस बसून कोन मोजले, पडद्यावर दाखवायला व्हिडिओ लावले, सुंदर इंग्रजीत पोस्टर केलं आणि त्यावर एकच नाव घातलं, माझं.

परिषदेत बाई तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर होत्या. पडद्यावर त्यांच्याच गावची बांधी आली, तरी त्या हलल्या नाहीत. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. त्यांनी विचारलं, “या बाया सुरुवातीला कोणता पाय मागे घेतात?” मला माहीत नव्हतं. मी कंबरेचे कोन मोजले होते, पाय डावा की उजवा ते पाहिलंच नव्हतं. माझी नजर आपोआप तिसऱ्या रांगेकडे गेली. बाईंनी सावकाश, साडीच्या काठाखालून, एक पांढरा बूट मागे सरकवला. समोरच्याचं डावं-उजवं उलटून घ्यावं लागतं, मी मनात ते उलटवलं आणि म्हणालो, “डावा.” “अगदी बारीक निरीक्षण आहे,” परीक्षक म्हणाले. पहिलं बक्षीस मला मिळालं.

इथवरही कदाचित क्षमा असेल. पुढच्या आठवड्यात बाईंनी आपला विषय सरांपुढे ठेवला. मी सरांच्या खोलीतच होतो. सरांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. “बाई, या वयात? वर्गातल्या पोराचा विषय उचलायचा?” मला बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पायांकडे नव्हे, सरळ तोंडाकडे, आणि म्हणाल्या, “चुकलं सर. दुसरा घेईन.” त्यांनी शाळकरी मुलींच्या दप्तरांवर काहीतरी केलं आणि जेमतेम पास झाल्या. उरलेलं वर्षभर त्या माझ्याशी नीट बोलायच्या, डबा द्यायच्या, पण बोलताना माझ्या डोळ्यांत बघायच्या. त्यांनी पुन्हा कधीही माझ्या पायांकडे पाहिलं नाही. याहून मोठी शिक्षा त्या मला देऊ शकल्या नसत्या.

त्या पोस्टरच्या जोरावर मला प्राध्यापकी लागली. सहा वर्षांनी, पावसाळा ओसरून पुराने बंद झालेले रस्ते उघडल्यावर, मी भामरागडच्या बसमध्ये बसलो. शाळेच्या मैदानावर बाई मुलींची कबड्डी घेत होत्या. मला पाहून त्यांनी शिटी वाजवून खेळ थांबवला. “पोरींनो, हे माझे वर्गमित्र. लय हुशार.” मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी बाईंना आंब्याखाली बाजूला नेलं आणि सहा वर्षं घोकलेलं वाक्य म्हटलं, “बाई, ते काम तुमचं होतं. मी चोरलं.”

“मले मालूम हाय नं भाऊ.”

“मग त्या दिवशी पाय का दाखवलात?”

“उत्तर चुकलं असतं नं. तुमचं नाई, माझ्या मायचं.” मग म्हणाल्या, “राग लय आला होता. अजूनबी येते कधी कधी. पन पोरींना मी शिकवतोच हाय, पाय बदलाचं. ते काही कोनी नेलं नाई.”

“मी सगळं लेखी देतो. सरांनाही सांगतो.”

“सर तर मागच्या उन्हाळ्यात गेले,” बाई म्हणाल्या. “तुमाले नाई माहीत?”

मला माहीत नव्हतं. मी लाजेने सरांना भेटायचंही टाळत आलो होतो.

“बाकी काही नाई भाऊ,” बाई हळूच म्हणाल्या, “पन सरांले तेवढं समजाले पाह्यजे होतं. मी उचललं नोतं म्हून.”

मुली थांबल्या होत्या. बाईंनी पदर खोचला, मला जेवूनच जा म्हणाल्या, आणि शिटी ओठांना लावत निघाल्या.