फियाटला खोबरेल

सहदेव परब म्हणजे मुलखाचा हट्टी माणूस. गिरणी बंद पडली तेव्हा फिटरचे पाने पिशवीत घालून अंधेरीला आला, मरोळच्या रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं, आणि भंगारवालासुद्धा नाक मुरडेल अशा गाड्या त्याने पुन्हा रस्त्याला लावल्या. म्हणून तर गावठाणातली तेरेसा आंटी थेट त्याच्याकडे आली.

काम सोपं नव्हतं. आंटीच्या अंगणात चिंचेखाली तिच्या नवऱ्याची, बॅप्टिस्टची, जुनी गोलमटोल डुक्कर फियाट किती वर्षं नुसती उभी होती. बॅप्टिस्ट तिचे प्लग काढून साफ करायला बसला आणि तिथेच त्याला लकवा मारला; प्लग बाहेरच राहिले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरलं नुसतं आं आं. आता महिनाअखेर त्यांच्या एथेलचं लग्न. चर्चला नेईन तर याच गाडीतून, असा बापाने पोरीला शब्द दिलेला. तेवढ्यासाठी आंटीला गाडी चालू हवी होती.

सहदेव हो म्हणून बसला आणि फसला. इंजिन असं जाम, की ते फिरवायच्या हँडलवर उभा राहिला तरी हलेना. प्लगच्या भोकांतले चिंध्यांचे बोळे काढून रॉकेल ओतलं, आठवडाभर मुरवलं. टॉप गिअर टाकून गावठाणातल्या बाप्यांकडून ढकलवली, तर चाकं घासत गेली, इंजिन ढिम्म. शेवटी रविवारी त्याने इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडलं आणि कपाळाला हात लावला. सिलिंडरांत गंज, आणि गंजावर पिवळा चिकट राप. बोट नाकाशी नेलं. रॉकेलच्या वासाखालून खवट खोबरेल!

आंटी शेजारी उभी राहून कौतुकाने सांगायला लागली. आजारी पडल्यापासून बॅप्टिस्ट व्हरांड्यातल्या खुर्चीतून गाडीकडे बघायचा आणि डाव्या हाताची बोटं गोल फिरवायचा. तिने ओळखलं, गाडीला तेल घाल म्हणतोय. त्याच्या लुळ्या हाताला ती खोबरेल चोळायचीच. मग गाडीलाही तेच. दर रविवारी चर्चच्या मिसाहून आली की प्रत्येक भोकात चमचाभर तेल आणि वर चिंधीचा बोळा. एक रविवार चुकवला नाही हो तिने. आणि तेल घालताना बॅप्टिस्ट काय खूश व्हायचा! आं आं करून अंगण डोक्यावर घ्यायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा.

सहदेवने व्हरांड्याकडे पाहिलं. बॅप्टिस्ट त्याच्याकडेच बघत होता. तीन बोटं जुळवून त्याने ती हवेत हळूच फिरवली. अरे देवा! तेल कुठलं मागतोय हा? प्लग आवळ म्हणत होता, प्लग! भोकं बंद कर, पाणी जाईल. चिंध्यांतून पावसाळ्याची ओल झिरपत राहिली, खोबरेल चिकटत गेलं, आणि हा बिचारा खुर्चीत बसून दर रविवारी आपल्या गाडीचं मरण बघत राहिला.

त्याने कसंबसं सांगितलं, की इंजिन कामातून गेलंय, लग्नाला टॅक्सी सांगा. आंटी मटकन पायरीवर बसली.

"माझं तेल कमी पडलं काय रे?"

सहदेवने पुन्हा व्हरांड्याकडे पाहिलं. बॅप्टिस्टने मान हलवली, नाही, नाही. तिला सांगू नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

"नाही आंटी," सहदेव म्हणाला. "तेलात तुम्ही काही कमी केलं नाही."

तिला जरा धीर आला. उठून आत गेली आणि खोबरेलची बाटली घेऊन आली. गाडी चालो न चालो, आज रविवार होता. हेड उघडंच होतं, तिने सरळ बाटली तिरकी केली. व्हरांड्यातून आवाज आला, आं... आं...

"बघ," ती डोळे पुसत म्हणाली, "अजून किती खूश होतो."