नवं सील लागलेलं पोतं

बी.एस्सी. झाल्यावर मी नागपुरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत नोकरीला लागले. आजूबाजूच्या खाणींतलं मँगनीज तेव्हा परदेशी जायचं. खनिजात मँगनीज किती टक्के आहे ते आम्ही तपासायचो. आमच्या प्रमाणपत्रावर माल जहाजात चढायचा, भावही त्यावरच ठरायचा.

आम्ही तिघंच होतो. मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणायचे, मी, आणि नमुने आणून भरडणारे एक काका. काका पन्नाशीचे, उमरेडकडच्या खेड्यातले. शिक्षण चौथीपर्यंत, पण दगड तळहातावर तोलून टक्के सांगायचे, आणि माझं उत्तर त्याच्या आसपासच यायचं.

एका सकाळी एका व्यापाऱ्याच्या जीपमधून नमुन्याचं पोतं आलं. आदल्या दिवशी काकांनीच रेल्वे सायडिंगवर मालगाडीच्या वाघिणींतून थोडा थोडा माल काढून ते भरलं होतं, लाखेचं सील लावलं होतं. जीपमध्ये बसायला जागा नाही असं सांगून व्यापाऱ्याच्या माणसांनी काकांना बसने परत पाठवलं होतं. काकांनी पोतं उघडण्याआधी बराच वेळ न्याहाळलं, मग उघडून एक दगड हातात घेतला.

“बाई, हे पोतं म्या भरलं नाई.”

“काहून हो काका?”

“माह्या सीलवर मी आंगठा दाबतो. ह्याच्यावर नाई. अन् हा दगड पाहा, किती जड हाय. वाघिणीत तं अर्धी माती व्हती.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सायडिंगवर गेले. उन्हात वाघिणींवर चढून आम्ही नवा नमुना घेतला आणि पिशवी मांडीवर ठेवूनच बसमधून परतलो. मँगनीज करारापेक्षा सात टक्के कमी निघालं. मी तीनदा तपासलं. तेच.

साहेबांनी माझा कागद वाचला. चष्मा काढून म्हणाले, “पहिल्या नमुन्यात जे आलं असतं ना, ते लिही. आणि हे बघ, हा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी इथली एक मुलगी हवी आहे. त्यांनी तुझंच नाव विचारलं.”

लिहायला लाज वाटते, पण मी लगेच नाही म्हटलं नाही. पासपोर्टचा अर्ज आणला. आईला सांगितलं, आईने सगळ्या गल्लीला. तिकडच्या थंडीला कुठला स्वेटर लागेल याचाही विचार झाला. काका काहीच विचारत नव्हते, आपले दगड भरडत होते. त्यांच्यासमोर उभं राहणं मला कठीण होऊ लागलं. चौथ्या दिवशी मी खरा आकडा लिहून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो घडी करून खणात टाकला आणि स्वतःच्या सहीने दुसरं प्रमाणपत्र दिलं.

मग मी त्या परदेशी कंपनीलाच पत्र लिहिलं. फसवणूक त्यांची होत होती. ते खवळून उठतील अशी माझी खात्री होती. सगळं लिहिलं. सील, दुसरा नमुना आणि हे आधी कोणी ओळखलं तेही. काकांचं पूर्ण नाव लिहिलं.

दीडेक महिन्याने साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझंच पत्र होतं. कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने ते साहेबांकडे पाठवलं होतं, सोबत दोन ओळी: आपल्या प्रयोगशाळेवर आमचा पूर्ण विश्वास आहे. तेव्हा मला कळलं, तिकडच्या माणसाचाही यात वाटा होता.

मला काढलं नाही. शिकलेली मुलगी बाहेर जाऊन बोलेल अशी भीती असावी. काकांना मात्र त्याच संध्याकाळी काढलं. नमुने नीट घेत नाहीत, हे कारण.

मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी पाणी ठेवलं आणि त्या आत गेल्या.

“खरं तं व्हतंच ते, बाई,” काका म्हणाले. “पण माहं नाव लिवाच्या आधी मले एक डाव इचारायचं व्हतं.”

त्या घरातून कशी उठले, आठवत नाही.

पुढे मी नोकरी सोडून शाळेत शिकवू लागले. काका नागपुरातच, धंतोली भागातल्या एका दवाखान्यात पहारेकरी झाले. वर्षभराने कळलं, निर्यातीच्या चौकशीसाठी एक सरकारी अधिकारी नागपूरला आले आहेत. या वेळी मी आधी दवाखान्याच्या फाटकाशी गेले आणि काकांना विचारलं. “सांगतो,” एवढंच म्हणाले. आठ दिवस काही निरोप नाही. नवव्या दिवशी धुतलेला सदरा घालून माझ्या दारात उभे. “चाला.”

अधिकाऱ्याने तासभर उलटसुलट विचारलं. शेवटी म्हणाले, “नोकरीवरून काढलं म्हणून राग काढताय का?”

“राग तं हाय, साहेब,” काका म्हणाले. “पण म्हणून ते सील खरं ठरते का?”

व्यापाऱ्याचा परवाना रद्द झाला, साहेबांची प्रयोगशाळा बंद पडली. सहा महिन्यांत त्याच व्यापाऱ्याच्या मेहुण्याच्या नावाने नवी कंपनी निघाली आणि वाघिणी पुन्हा भरू लागल्या. परदेशातल्या त्या अधिकाऱ्याचं काय झालं, कधीच कळलं नाही. काका पहारेकरीच राहिले.

काही वर्षांनी त्यांची मुलगी मला बाजारात भेटली. काका बिनकामाचे होते तेव्हा तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. ती चिडलेली नव्हती. शांतपणे म्हणाली, “तुमी दुसऱ्या वेळेस बाबाले इचारलं, ते सांगतात सगळ्याइले. पण बाबा तुमाले नाई म्हणू शकले नसते, हे तुमाले मालूम व्हतं ना?”

ते मला माहीत होतं की नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.