वरच्या मजल्यावरचा नळ

अकोल्याच्या एका शेठने आमच्या मामाजींना फसवले. मामाजी कापसाचे दलाल होते आणि साऱ्या बाजारात त्यांना फसवणारा माणूस जन्मला नव्हता, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

मामाजी भाव करू लागले की त्यांचा चेहरा दगडाचा होई. कापसाच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली जातात आणि बोटे दाबून बोलणे होते. हात बाहेर आला की सौदा पक्का. हमाली, तोलाई, वजनातल्या घटीचा कडता, सारे रिवाजाप्रमाणे त्यातच आले. मागून कोणी काही मागत नाही. मामाजींनी ही विद्या मला शिकवली. आज अमरावतीत संत्र्याचा माझा व्यापार आहे, तो त्याच बोटांवर उभा केला. फक्त माझा राग त्यांना पसंत नव्हता. म्हणत, “बापू, तू भाव नाही करत, भांडण करतं. आधी भाव कर, भांडण मागून करजो.”

मामीला दमा होता. भाड्याच्या घरी विहीर लांब, घागर आणताना तिचा श्वास फुलायचा. शेठने स्टेशनच्या बाजूला दुमजली इमारत बांधली आणि एकरकमी पैसे घेऊन खोल्या कायमच्या द्यायला काढल्या. विहिरीवर इंजिन, गच्चीवर टाकी, खोलीत नळ. शिवाय जिन्यात विजेचा दिवा, फाटकावर चौकीदार आणि लग्नकार्याला दिवाणखाना. या सगळ्याचा खर्च दरमहा किती पडेल ते आधी विचारा, असे मी मामाजींना बजावले. त्यांनी घरी बसून एकेक सोय निकालात काढली.

“चौकीदार कायले? चोर आला तं तोच मले काही देऊन जाईन. दिवाणखाना नको, पोरगी सासरी गेली. जिना मले अंधारातई चढता येते. नळ मात्र पायजे.”

शेठही कापसाचाच व्यापारी. दोघांचे हात उपरण्याखाली गेले, वरच्या मजल्यावरच्या खोलीचा भाव ठरला. मी पुन्हा विचारले, दरमहाचे काय? मामाजी हसले. “शेठनं हात देला, बापू. भावात सारं आलं.”

पहिल्याच महिन्याला मुनीम दारात उभा. इंजिनाचे तेल, दिवा, चौकीदार, दिवाणखाना, सगळ्याचा वाटा मागू लागला. मामाजी शेठकडे गेले, तर उत्तर मिळाले की बोटांनी भिंतींचा भाव केला होता, पाण्याबद्दल बोटे काही बोललीच नव्हती. मी ऐकले आणि पायात जोडा घालून निघालो. मामाजींनी माझे मनगट धरले. म्हणाले, “खोली घेतली मी, हात देला मी. उद्या त्याच बाजारात बसाचं आहे मले.” नको असलेल्या सोयींचेही पैसे ते मुकाट्याने देत राहिले, कारण मामी नळाखाली हात धरून लहान पोरीसारखी हसायची.

मग उन्हाळा आला. विहिरीचे पाणी शेठ आपल्या जिनिंगच्या कारखान्याकडे वळवू लागले आणि वरचा नळ कोरडा पडला. मुनीम मात्र इंजिनाच्या पैशांसाठी न चुकता यायचा. मामी पुन्हा घागर घेऊन विहिरीवर जाऊ लागली, आता वर जिनाही होता. वैशाखात एका दुपारी ती मधल्या पायरीवर बसली, ती उठलीच नाही.

मामाजींनी खोलीची किल्ली मुनिमाच्या हातात टाकली आणि गाव गाठले. पुढे कोणाच्याही उपरण्याखाली त्यांनी हात घातला नाही. परवाच्या पोळ्याआधी तेही गेले. जाईपर्यंत शेठबद्दल वाकडा शब्द बोलले नाहीत.

मला तेवढा संयम नाही, आणि नाही याचे वाईटही वाटत नाही. शेठ अजून अकोल्याच्या बाजारात गादीवर बसतात, लोक त्यांना रामराम घालतात. त्यांनी त्याच गादीवरून, सगळ्या दलालांच्या देखत, मोठ्याने सांगावे: नळाला पाणी नव्हते, तर इंजिनाचे पैसे कशाचे घेतले? आणि आमची मामी घागर घेऊन त्या जिन्यावर का होती?