बैल पाहून गोणी

राठोड सरांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कोणी त्यांचा विषय काढला की मी चहा मागवायचो, नाहीतर बोलणं तुरीच्या पिकावर न्यायचो. लिहायला बसलो की उठायचो. आजही सकाळपासून तेच चाललं आहे. अंगणात जाऊन आलो, कुंड्यांना घातलेलं पाणी पुन्हा घातलं. खुर्चीत न टिकणं ही खरं तर त्यांची सवय. माझ्याकडे ती उशिरा आली, आणि त्यांच्याकडे होती तशी निर्मळ आली नाही.

नेरला आमच्या शाळेत ते संगणक शिक्षक म्हणून आले तेव्हा मी मुख्याध्यापक होतो. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. खुर्चीवर एक गुडघा टेकवून, रिकिबीत एकच पाय घातलेल्या स्वारासारखे उभे राहून ते काम करायचे. बोलताना बोटं टेबलावर वाजत राहायची. शाळेला मिळालेली मशीनं कुठल्याशा शहरी कार्यालयाने टाकून दिलेली होती. विकतची प्रणाली त्यांना पेलत नव्हती, म्हणून सरांनी सगळ्यांवर लिनक्स घातलं. ते फुकट असतं एवढंच मला ठाऊक होतं. त्याचा चेहरा आपला आपण निवडायचा असतो, हे त्यांच्याकडून कळलं.

आणि ते निवडत राहायचे! सोमवारी त्यांच्या पडद्यावर खाली पट्टी असायची, गुरुवारी ती वर गेलेली, पुढच्या आठवड्यात पट्टीच गायब. एक्सएफसीई, आइसडब्ल्यूएम, आय-थ्री अशी नावं ते घ्यायचे. मला ती औषधांच्या दुकानातली वाटायची.

"राठोड सर, आज पुन्हा?" मी दारातून विचारायचो.

"डेरा हालवला जी. तांडा एका जागी लय दिवस राह्यला का गवत संपते."

ते पुसदकडच्या एका तांड्यातले. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख ओलांडायचे. त्याला ते लदेणी म्हणत. आता घरी कापूस आणि तूर होती, पण लदेणी त्यांच्या बोलण्यातून गेली नव्हती. एकदा शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना चिडवलं, "हे डेस्कटॉप आणि विंडो मॅनेजर म्हणजे एकच की दोन? का उगाच आम्हाला फिरवता?"

ते गुडघ्यावरून खाली उतरले. त्यांच्या दृष्टीने ही बसून सांगायची गोष्ट असावी, तरी बसले नाहीतच. "पाहा सर, लगनात पंगत बसते. कोन कुठी बसन, कोन कोनाच्या बाजूले, हे सांगनारा एक मानूस असते का नाही? सयपाक त्याचा नाही, मांडव त्याचा नाही. तो विंडो मॅनेजर. अन् डेस्कटॉप म्हनजे अख्खं लगन! मांडव, बँड, आचारी, रुसलेला जवाई, सगळं आलं त्याच्यात."

"मग चांगलं कोणतं?"

"असं नसते जी. आमची याडी सांगे, बैल पाहून गोनी टाकाची. म्हाताऱ्या बैलावर दोन गोन्या टाकल्या तर बैलही जाते अन् मीठही जाते." याडी म्हणजे आई. हे वाक्य त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! नववीच्या मुलांना एक मांडणी, पहिल्यांदा मशीनला हात लावणाऱ्या पाचवीच्या पोरांना दुसरी, आमच्या चष्मेवाल्या ग्रंथपालबाईंना तिसरी. मला हा सगळा पसारा वाटायचा. शाळेत सगळं सारखं असावं, ही माझी शिस्त. गणवेश सारखा, वह्यांची कव्हरं सारखी, मग पडदे काहून वेगळे?

आमच्या कार्यालयात वानखडे बाबू होते. माझ्या आधीपासूनचे लिपिक, राठोडांचे खास मित्र. दोघं डबा एकत्र खायचे, एकमेकांना शिव्या देत. बाबूंना लकवा मारला. जीव वाचला, चालायला लागले, पण उजवा हात गेला. तो मांडीवर ठेवून ते कामावर आले तेव्हा पाहवेना. संस्थेच्या सचिवांचं मत पडलं की त्यांना घरी बसवावं. मी आणि राठोड गळ घालून आलो. शेवटी सचिव म्हणाले, "ठीक आहे. मी स्वतः येतो. माझ्यासमोर एक दाखला काढून दाखवू द्या, पगारपत्रक उघडू द्या. जमलं तर राहतील." बाबूंची नोकरी त्या एका दाखल्यावर आली.

त्या दिवसांत राठोड सर वर्ग संपला की कार्यालयात पळायचे. आज एक मांडणी, उद्या दुसरी. बाबू वैतागायचे.

"अबे राठोड, मले लकवा मारला, तुले काय मारलं? रोज नवं काहून करून राह्यला?"

"बाबू, तुमचा डावा हात कुठवर पोचते ते पाहून राह्यलो. गप बसा."

"माउस दे ना सरळ."

"माउस कायले? ओढा, सोडा, पुन्हा ओढा. डाव्या हातानं पडद्यावरच्या खिडक्या ओढत बसान तर दाखला पोराच्या लग्नाले निंघन."

अखेर त्यांनी नुसता विंडो मॅनेजर ठेवला, बाकी सगळं काढून टाकलं. त्यात खिडक्या एकमेकींवर चढत नव्हत्या. भाकऱ्या परातीत मांडाव्यात तशा आपोआप शेजारी शेजारी बसायच्या. एक कळ दाबली की दाखल्यांचं पान, दुसरी दाबली की पगारपत्रक. दोन कळा एकदम दाबायची गरज नाही, एक दाबून सोडायची, मग दुसरी. सगळं डाव्या हाताच्या आवाक्यात. बाबूंची बोटं हळूहळू ते शिकली. एके दिवशी मी आत गेलो तर ते पडद्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत दाखला काढत होते, आणि राठोड पहिल्यांदाच खुर्चीवर नीट बसलेले होते. पाय हलत नव्हता. मला बघून म्हणाले, "बैलाले गोनी बसली जी."

पण रिकाम्या वेळी तो पडदा काळा असायचा. ना चित्र, ना बटण, ना बाण. कोपऱ्यात बारीक अक्षरांची एक ओळ. मला तो बंद पडलेल्या मशीनसारखा दिसायचा. सचिव सोमवारी येणार होते. त्याआधीच्या शनिवारी मी तो पुन्हा पाहिला. सचिव दारातून आत येतील आणि काळा पडदा बघतील. म्हणतील, हे काय भंगार? राठोड तीजेच्या सणाला तांड्यावर गेले होते. फोन लागला नाही. दुसऱ्यांदा मी लावला नाही, हेही लिहून ठेवतो.

मी बाजारातल्या एका संगणक दुकानदाराला बोलावलं. "सगळ्यांसारखं करून द्या," म्हणालो. त्याने बाबूंची कागदपत्रं जपून बाजूला काढली, मशीनमधलं जुनं सगळं पुसलं, नवं घातलं. खाली रंगीत पट्टी आली, मागे डोंगराचं चित्र आलं. मला बरं वाटलं. कागदपत्रं एकूण एक जागेवर होती. राठोडांची मांडणी मात्र ज्या फायलींत होती त्या डोळ्यांना दिसतच नाहीत, नुसतं बघून सामान हलवणाऱ्याच्या हाती त्या लागत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. बाबूंना हे सांगायचं मनात होतं. सोमवारी सकाळी सांगू म्हटलं. सोमवारी सचिव प्रार्थनेच्या आधीच आले.

बाबू खुर्चीत बसले. उजवा हात मांडीवर नीट ठेवला, डावा कळफलकावर. कळ दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. डोंगराचं चित्र तसंच. त्यांनी मान वळवून दाराकडे बघितलं; राठोडांची एसटी अजून यायची होती. कोणीतरी माउस पुढे सरकवला. त्यांनी तो डाव्या हातात धरला तर बाण पडद्यावर पाकोळीसारखा उडू लागला. गडबडीत उजवा हात मांडीवरून घसरला आणि खुर्चीबाहेर लोंबकळत राहिला. तो उचलून पुन्हा ठेवायचं त्यांना भान नव्हतं.

"साहेब, हे माझं मशीन नोहे," ते म्हणाले.

सचिवांनी माझ्याकडे बघितलं. "काय भानगड आहे?"

तेव्हा मी एकच वाक्य बोललो. "राठोड सर सारखं काही ना काही बदलत असतात."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते सगळ्यांना पटलं. शिपाई मान हलवून हसला. सचिव म्हणाले, "त्यांना समज द्या." बाबू डाव्या हाताने खुर्ची मागे सारून उठले. माणसाच्या स्वभावाचा साक्षीदार करून त्याच्याच विरुद्ध उभा करता येतो, तसं मी त्या दिवशी केलं.

दुपारी राठोड आले ते सणाचा डबा घेऊन, बाबूंसाठी. बाबू फाटकाशीच उभे होते.

"ये राठोड! तुले खेळाले मायंच मशीन भेटलं काय रे?"

"काय झालं बाबू?"

"तुया डेरा हालला, माया संसार हालला." एवढं बोलून ते एका हाताने सायकल ढकलत निघून गेले. डबा राठोडांच्या हातात राहिला.

ते कार्यालयात गेले. मशीनसमोर उभ्या उभ्या काही टाइप केलं, वाचलं. मग माझ्या खोलीत आले. बोटं वाजत नव्हती.

"सर, बैल कोनी बदलवला?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो. समोर हजेरीपट होता, त्यात बघत म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मशीन कधी पुसलं गेलं ते मशीनमध्येच लिहिलेलं असतं आणि शनिवारी संध्याकाळी कार्यालयाची किल्ली कोणाकडे असते हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. "बरं जी," ते म्हणाले. "मी आता लावून देतो पहिल्यासारखं. बाबूले उद्या अजून एक डाव पाहू द्या." मी सचिवांना विचारतो म्हणालो. विचारलं नाही. विचारलं असतं तर दुसरेही प्रश्न निघाले असते.

बाबू घरी बसले. राठोड दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले, आत कोणी बोलावलं नाही. पुढे ते शाळेत राहिले, पण त्यांच्या स्वतःच्या पडद्यावरची पट्टी तेव्हापासून हलली नाही. महिनोन्महिने एकच मांडणी. कोणी गमतीने विचारलं, "सर, यंदा डेरा नाही हालवला?" तर म्हणायचे, "गवत हाये अजून." दिवाळीनंतर पुसदकडच्या एका शाळेत जागा निघाली आणि ते गेले. निरोपाच्या वेळी मी चांगलं भाषण केलं. त्यांच्या प्रयोगशीलतेचं कौतुक केलं.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी मी त्यांच्या तांड्यावर गेलो. दारव्हा, दिग्रस, पुसद, सारा रस्ता मी एकच वाक्य मनात घोकत होतो. हाताशी निमित्त म्हणून मुलीने दिलेला लॅपटॉप होता. राठोड खाटेवर बसले होते. हृदयाच्या दुखण्याने त्यांना बसवलं होतं. तरी पायाचा अंगठा हलत होता.

"या सर! तुमी माया घरी? अरे, चहा ठेवा व!"

लॅपटॉप उघडला तेव्हा त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. माझ्या बोटांकडे पाहिलं. माझा हात थरथरतो. एक अक्षर दाबलं की दोनदा उमटतं.

"कवापासून?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"मंग आधी काहून नाही आले?" ते म्हणाले आणि खाटेवर एक गुडघा टेकवून कामाला लागले. सून ओरडली, "मामाजी, बसा!" त्यांनी ऐकलं नाही. बटणं मोठी केली, नको ती चित्रं काढली, दोनदा टिचकी मारायची गरज काढली. मग म्हणाले, "थरथरत्या हाताचं अक्षर दोन खेपा येते. मशीनले सांगून ठेवलं, दुसऱ्या खेपेले आयकू नोको. आता लिहा."

मी माझं नाव लिहिलं. सरळ उमटलं.

"बसली गोनी," ते हसले. चहा आला. कपाच्या कडेवरून माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "वानखडे बाबू कसे हायेत जी? अजून राग हाये काय त्यायचा माह्यावर?"

त्यांनी दार उघडून दिलं होतं. घोकलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "विसरले असतील हो. जुनी गोष्ट."

"हो," ते म्हणाले. "जुनी हाये."

एसटीपर्यंत सोडायला येतो म्हणत होते, सुनेने येऊ दिलं नाही. त्या उन्हाळ्यात ते गेले. मला महिन्याने कळलं.

बाबू आहेत. नेरलाच आहेत. हे लिहून झालं की त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवायचं ठरवलं आहे. ते जे बोलतील ते ऐकून घेईन. हे मी त्याच लॅपटॉपवर, राठोड सरांनी माझ्या हाताला बसवून दिलेल्या मांडणीवर लिहितो आहे. ते मशीन आजही माझी दुसरी खेप ऐकत नाही. म्हणून पुसदच्या रस्त्याने घोकलेलं वाक्य पहिल्याच खेपेला लिहितो:

राठोड सर, ते मशीन मी बदलवलं होतं, आणि नाव तुमचं घेतलं. मला माफ करा जी.