निर्मलाबाईंनी न दिलेली वही

दादर ज्वारी पाखडायला घेतली होती. अर्धी झाली, अर्धी सुपातच होती, तेवढ्यात मुलींच्या शाळेचा शिपाई कडू अंगणात येऊन उभा राहिला.

"माय, बाईच्या खोलीतून पोरींच्या रोजनिशा आणाले सांगितलं."

"कुणी?"

"कमिटीच्या दिगंबर शेठनं. आत्ताच्या आत्ता पायजे म्हने."

मी सूप काही खाली ठेवलं नाही. "नाही नेता यायच्या. आज मूळ नक्षत्र. सकाळीच सरस्वतीचं आवाहन केलंय. घरातल्या पोथ्यांबरोबर त्या वह्याही पाटावर मांडल्यात. विसर्जन होईपर्यंत वाचायचं नाही, लिहायचं नाही, जागचं हलवायचंही नाही."

कडूनं उंबऱ्यातूनच आत डोकावलं. पाटावर चळत, वर हळदकुंकू, जास्वंदीचं फूल. त्यानं दोन्ही हात जोडले आणि मागं सरला. "मंग शेठले काय सांगू?"

"सांग, देवीकडं मागा म्हणावं."

असा हुकूम येणार, हे मला आदल्या संध्याकाळीच देवळात कळलं होतं. म्हणून तर वह्या पाटावर चढवल्या. त्यात खोटं काय आहे? विद्या ती विद्या, मग ती संस्कृत पोथीतली असो की आमच्या राजपुऱ्यातल्या पोरींच्या वहीतली.

या वह्या कुठून आल्या ते सांगायचं तर निर्मलाबाईंचं सांगायला हवं. त्या आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहतात. खांडव्याकडच्या. लग्न झालं आणि दोन वर्षांत कपाळ पांढरं झालं. सासरच्यांनी चुलीपाशी बसवलं, तर या उठल्या, शिकल्या आणि मास्तरीण होऊन बऱ्हाणपुराला आल्या. चालणं ताठ. गल्लीतल्या बायका आधी म्हणत, "विधवेनं एवढं ताठ चालावं का?" हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "वाकून चालले तर पाठ दुखते."

शाळेत त्यांच्या वाट्याला आला तो नापास मुलींचा वर्ग. तेरा-चौदा वर्षांच्या थोराड पोरी, एकेका इयत्तेत दोनदा बसलेल्या. घरात कुणाला जरीच्या, कलाबत्तूच्या तारा ओढायच्या, कुणाला धाकटी भावंडं सांभाळायची. हेडबाई त्यांना तोंडावर ‘ढ’ म्हणायच्या. त्या वर्गात निर्मलाबाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा. आज तुम्ही स्वतः काय पाहिलं, ते. जसं घरी बोलता तसं. मी त्यात चुका काढणार नाही, खाली एक प्रश्न तेवढा लिहीन.

दिगंबररावांची लीला त्याच वर्गातली. दिगंबरराव म्हणजे कापसाचे मोठे व्यापारी, शाळेच्या कमिटीवर. लीलानं पहिल्या दिवशी लिहिलं, "आज काही झाले नाही." बाईंनी खाली लिहिलं, "मग जेवलीस की नाही?" दुसऱ्या दिवशी पानभर मजकूर. डाळीला फोडणी कुणी दिली, मीठ कुणी विसरलं, आजीनं ताट कसं सरकवलं, बाबा कसे न बोलता उठले. ही सगळी गंमत लीलानंच मला हसत हसत सांगितली. बाईंनी कधी कुणाच्या वहीतलं अक्षर सांगितलं नाही. मुलींना त्यांनी शब्दच दिला होता की वही तुमची, तुम्ही हो म्हटल्याशिवाय माझ्याखेरीज कुणी वाचणार नाही. घरी नेली तर कुणीतरी वाचेल किंवा बंबात जाईल, म्हणून वह्या बाईंच्या खोलीत राहायच्या. पोरी संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन लिहून जायच्या. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांची अक्षरंच नाही, माना बदलल्या. खाली बघून बोलणाऱ्या पोरी समोर बघून बोलायला लागल्या.

आणि तिथंच घोटाळा झाला. यंदा भादव्यात लीलाला पाहायला अकोल्याची माणसं आली. मुलाच्या आईनं विचारलं, "काय काय येतं गं तुला?" पुरणपोळी, भरतकाम, असं काहीतरी सांगायचं ठरलं होतं. लीला म्हणाली, "रोजनिशी लिहिता येते. तुम्ही आलात तेही आज लिहीन."

त्या बाईच्या हातातला दराब्याचा गोड घास हातातच राहिला म्हणे. चार दिवसांनी निरोप आला की आमच्या घरातलं रोज लिहून ठेवणारी सून आम्हाला झेपायची नाही.

दिगंबररावांना स्थळ मोडल्याचा राग होताच, पण त्याहून भीती मोठी. आजवर पोरीनं घरातलं काय काय लिहून ठेवलंय? त्यांनी कमिटीत ठराव करून घेतला की वह्या जप्त कराव्या, आणि बाईंनी दिल्या नाहीत तर त्यांना काढून टाकावं.

कडू रिकाम्या हातानं गेला त्या दिवशी निर्मलाबाई शाळेतून आल्या. मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्या पायही न धुता तशाच उभ्या.

"काकू, देवीला कशाला मध्ये घेतलंत?"

"मग काय करायला हवं होतं? देऊन टाकायच्या?"

"द्यायच्या नाहीतच. पण नाही म्हणायचं ते मी म्हणणार. देवी गेली की पुन्हा येतील, तेव्हा कोणतं नक्षत्र काढणार तुम्ही?"

"नोकरी जाईल, बाई."

"गेली तर गेली. मुलींना शब्द दिला तो नोकरीच्या अटीवर नव्हता दिला."

आमचे हे झोपाळ्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "दोघींचं भांडण चालू द्या, पण माझं पंचांगही त्या पाटावर आहे. राहुकाळ कुणाला विचारू?" कुणी हसलं नाही.

मला राग आला होता, खरं सांगते. माणूस बुडताना देवाचा हात धरतो, त्यात कमीपणा कसला? अजूनही मला वाटतं की माझं चुकलं नव्हतं. पण त्या रात्री आरतीला उभी राहिले तेव्हा मनात आलं, देवीपाशी एवढी वर्षं मागतेय ते हेच तर, की सद्बुद्धी दे, बळ दे. ते बळ शेजारच्या खोलीत राहायला आलंय, तर मी त्याला पाटाखाली का लपवतेय?

श्रवण नक्षत्र लागलं त्या सकाळी दिगंबरराव दारात हजर. पंचांग त्यांच्याकडेही आहे ना! बरोबर लीला, मान खाली. मागं हळूहळू गल्ली जमली, ओटे भरले.

"वहिनी, विसर्जन करून घ्या. मी थांबतो. देवाधर्माच्या आड मी येणार नाही."

"बसा, भाऊ."

निर्मलाबाई त्यांच्या खोलीच्या दाराशी होत्या. पूजेच्या वेळी त्या नेहमी तिथंच थांबतात, कुणी न सांगता. मी अक्षतांची वाटी उचलली आणि त्यांना हाक मारली. "बाई, आत या. अक्षता तुम्ही वाहा."

दिगंबरराव उठलेच. "वहिनी! ही कोणती रीत? विधवा बाईच्या हातून..."

"विद्या त्यांनी दिली, भाऊ. मग निरोपही त्यांनीच द्यावा. देवीला चालेल. तुम्हाला चालत नसेल तर डोळे मिटा."

बाई आत आल्या आणि अक्षता वाहिल्या, बरोबर देवीच्या पायाशी. मग त्यांनी चळतीतून लीलाची वही काढली आणि ती हातात धरून ओट्यावर आल्या.

"शेठजी, ही ती वही. मी ती वाचलीय आणि तुम्हाला देणार नाही. ही माझी नाही, शाळेचीही नाही. लीलाची आहे. तिला मागा."

"बस झालं! माझी पोरगी, माझी वही!"

"मग तिनं दिली तर घ्या." आणि वही लीलाच्या हातात.

बाईमाणसाच्या हातून हिसकावणं जमलं नव्हतं, आता पोटच्या पोरीच्या हातून हिसकावायचं, तेही सगळ्या गल्लीसमोर. दिगंबररावांनी हात पुढं केला. "लीला, दे इकडं."

लीलानं वही छातीशी धरली. रडवेली झाली होती. म्हणाली, "बाबा, तीन दिवसांचं लिहायचं राहिलंय." आणि आमच्या ओट्यावर मांडी घालून लिहायला बसली. गल्लीत कुणीतरी खाकरलं. समोरच्या रंभाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "शेठ, बाजूला सरका, पोरीच्या उजेडात येताय."

लीलाचं लिहून होईपर्यंत दिगंबरराव उभे राहिले. मग तिला घेऊन गेले. वही मात्र बाईंच्या खोलीत राहिली. जाताना म्हणाले, "उद्यापासून हिची शाळा बंद. आणि बाई, तुमचीही."

बोलल्याप्रमाणे त्यांनी केलं. दसऱ्यानंतर बाईंना काढून टाकल्याचा कागद आला. बाईंनी तो वाचला, घडी घातली आणि मला म्हणाल्या, "काकू, ओटा दुपारी रिकामा असतो ना?" आता दुपारी आमच्या ओट्यावर शाळा भरते. सगळ्या मुली आल्या नाहीत. काहींना घरून बंदी झाली. ज्या आल्या त्या चटया घरून आणतात. लोक म्हणतात, हे चार दिवसांचं. म्हणोत. देवघरात रोज दिवा लावताना मी आता दोन फुलं जास्त वाहते, एवढंच.

आज सकाळी लीलाची आई नदीवरून परतताना दाराशी थांबली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, "जेवण करून हे कापसाच्या जिनिंगवर जातात. तेव्हा सोडते तिला. पण एकटी नको, कुणीतरी न्यायला या."

बाईंनी पायात वहाणा घातल्या आहेत. लीलाला आणायला निघाल्यात.