दुमडलेले कान

डॉक्टरबाई जनावराची माफी मागायच्या आणि माणसाला फैलावर घ्यायच्या. टेबलावर मांजर ठेवलं की सुई टोचण्याआधी त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्या हळू आवाजात म्हणायच्या, "चुकलं बाळा, एकदाच दुखेल." मांजर इराणी असो की रशियन, त्याच्याशी बोलायचं ते मराठीतच. सुई टोचून झाली की त्या त्याच्या मालकाकडे वळायच्या, आणि मग आवाज असा चढायचा की बाहेर काउंटरवर मला फोनच्या तोंडावर हात धरावा लागायचा.

दुबई मरीनात, एका उंच टॉवरच्या पायथ्याशी आमचं जनावरांचं क्लिनिक होतं. माझा नवरा सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरीला, घरही तिथेच. मला घरात बसून कंटाळा यायचा म्हणून मी हे काउंटरचं काम धरलं होतं. क्लिनिकचा मालक मूळचा मुंबईचा. त्याचं एका मॉलमध्ये पाळीव प्राण्यांचं दुकानही होतं. लोकांनी जनावर दुकानातून घ्यायचं आणि इलाजाला आमच्याकडे यायचं, अशी सोय त्याने करून ठेवली होती. डॉक्टरबाई जत तालुक्यातल्या, परभणीला शिकलेल्या. नवरा, मुलं हा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मी कधी विचारला नाही. काही वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांच्या भाच्याने फोन करून कळवलं, तेव्हा मला रडू यायच्या आधी राग आला. कोणाचा आला, ते सांगायला हे लिहायला बसले आहे.

चपट्या नाकाच्या मांजरांवरून त्यांचं रोज कोणाशी तरी वाजायचं. एका बाईंची पर्शियन मांजर श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज करायची. बाई कौतुकाने म्हणाल्या, घोरते हो, किती गोड. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोड कसलं? गुदमरतेय ती." मग त्यांनी त्या बाईंना खुर्चीत बसवून सगळं ऐकवलं. चपट्या नाकाचा नर आणि चपट्या नाकाची मादी, पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच निवडत गेले. जे निवडाल ते पुढच्या पिढीत येतं, आणि त्याच्यासोबत न मागितलेलंही येतं. नाक आत गेलं, त्याबरोबर श्वासाची वाट अरुंद झाली, डोळे सतत वाहायला लागले. रानात असं जनावर जगलंच नसतं, तुमच्या हौसेपायी जगतंय, असं म्हणून त्यांनी त्या बाईंच्या हातात थेंबांची बाटली दिली. बाईंनी मालकाकडे तक्रार केली. अशा तक्रारी नेहमीच्याच होत्या. पण शस्त्रक्रियेत डॉक्टरबाईंचा हात धरणारं मरीनात कोणी नव्हतं, म्हणून मालक ऐकून घ्यायचा.

त्यांचे वडील खिलार बैलांची पैदास करायचे. त्याबद्दल त्या फारसं हळवं होऊन बोलायच्या नाहीत. "आमच्याकडेही शिंगं बघायचे, रंग बघायचे. दिसायला देखणा बैल सगळ्यांनाच हवा असतो," असं त्या सांगायच्या. "पण ज्याला चालता येत नाही, त्याच्यापासून वासरं घ्यायची बुद्धी आमच्या गावात कोणाला झाली नाही. त्यासाठी मॉल लागतो."

दोन हजार आठचा उन्हाळा संपत आला असताना सबनीस कुटुंब आलं. नवरा बँकेत, बायको पुण्याची, आणि नऊ वर्षांची मुलगी ईशा. ईशाच्या हातात दुमडलेल्या कानांचं पिल्लू होतं. कान डोक्याला चिकटलेले, चेहरा घुबडासारखा गोल, नाव कुकी. सबनीसबाई मला काउंटरवरच सांगू लागल्या, पाच हजार दिरहम, म्हणजे बघा साठ हजार रुपये, पण कान बघा ना. मीही म्हटलं, खरंच गोड आहे हो.

डॉक्टरबाईंनी कानांकडे पाहिलंच नाही. त्यांनी शेपटीवरून बोटं फिरवली आणि ती हलकेच वाकवून पाहिली. शेपूट वाकली नाही. पिल्लू कळवळलं. मग त्यांनी मागचे पाय चाचपले. माणसासारखी टेकून बसते का, असं त्यांनी विचारलं. सबनीसबाईंनी उत्साहाने मोबाइल पुढे केला, कुकीचे तसे बसलेले पुष्कळ फोटो होते.

"पाय दुखतात म्हणून तशी बसते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ईशाने विचारलं, "इज शी सिक?" मी दार लावून घ्यायला उठले, कारण आता काय होणार ते मला माहीत होतं. पण डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या, ईशाच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशा, आणि अगदी शांतपणे बोलल्या.

"तुझी आई इडलीचं पीठ भिजवते ना? त्याच पिठाचा डोसा होतो, उत्तप्पा होतो. पीठच बिघडलं तर एकटी इडली बिघडेल का?"

ईशाने मान हलवली.

"कान ज्या लवचिक कुर्चेचा बनतो, तीच कुर्चा शेपटीत असते, पायांच्या सांध्यांतही असते. ती कशी बनवायची ते शरीरातल्या प्रत्येक पेशीत लिहिलेलं असतं. त्याला जीन म्हणतात. कुकीच्या जीनमध्ये ते चुकीचं लिहिलंय. म्हणून कान उभा राहत नाही. लोकांना फक्त कान दिसतो."

"बट हू रोट इट राँग?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "चूक आपोआप झाली, पूर्वी कधीतरी, एका मांजरात. अशा चुका होतात, त्यात कोणाचा दोष नसतो. पण त्या चुकीच्या प्रती काढत बसलीत ती माणसं."

पुढचं त्यांनी आईवडिलांना सांगितलं. प्रत्येक पिल्लाला या जीनची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. दोन्हींतली एक चुकीची असली तरी कान दुमडतो आणि सांधे कमीजास्त बिघडतात. दोन्ही चुकीच्या आल्या तर पिल्लू लहानपणीच पांगळं व्हायला लागतं. म्हणून निदान दुमडलेल्या कानांची जोडी तरी आपसात लावायची नाही, एवढं पैदास करणाऱ्या प्रत्येकाला कळतं. पण सरळ कानांच्या मांजराशी जोडी लावली, तर साधारण निम्मी पिल्लं सरळ कानांची निघतात, आणि ती कोणी विकत घेत नाही. कुकीचे आईबाप पाहिले होते का, असं त्यांनी विचारलं. सबनीसांनी दुकानात काढलेला फोटो दाखवला, तो डॉक्टरबाईंनी मला मोबाइलवर घेऊन ठेवायला सांगितला. दोघांचेही कान दुमडलेले होते. दुकान आमच्याच मालकाचं.

डॉक्टरबाई तशाच काउंटरवर आल्या आणि माझ्या समोरच त्यांनी मालकाला फोन लावला. स्पीकरवर त्याचा आवाज थंड होता. "मॅडम, लोगों को कान चाहिए. सीधे कानवाला बच्चा तो रास्ते पे फ्री में मिलता है." डॉक्टरबाईंनी त्याला ती जोडी तोडायला सांगितलं. तो इन्शाल्ला म्हणाला. त्या इन्शाल्लाचा अर्थ ‘विसरा’ असा असतो, हे दुबईत राहणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही.

त्यानंतर हिवाळ्यात मंदी आली. आधी बांधकामावरच्या क्रेन थांबल्या, मग आमचा फोन. रोज कोणाची तरी नोकरी जात होती आणि लोक कर्जाच्या धास्तीने रातोरात देश सोडत होते. मागे राहायची ती जनावरं. टॉवरचे वॉचमन रिकाम्या फ्लॅटमधून मांजरं उचलून आमच्याकडे आणून सोडायचे. पिंजरे भरले, मग आम्ही आंघोळीच्या टबात गाद्या घातल्या. एक बुलडॉग तर बाल्कनीत बांधलेला सापडला, शेजारी पाण्याचं रिकामं भांडं. मालकाने निरोप पाठवला की यांचा खर्च कोण करणार, खलास करा सगळी. डॉक्टरबाईंनी निरोप आणणाऱ्याला म्हटलं, त्याला म्हणावं स्वतः ये आणि स्वतःच्या हाताने कर. तो आला नाही. त्या स्वतःच्या पगारातून खाणं आणत राहिल्या आणि ओळखीपाळखीत एकेक जनावर खपवत राहिल्या, शिव्या घालत.

सबनीसबाई एका दुपारी एकट्याच आल्या. दोन दिवस कुकीला ठेवून घ्या, मुंबईला लग्न आहे, म्हणाल्या. बोलताना त्यांना रडू आवरत नव्हतं आणि लग्नाला जाणारी बाई अशी रडत नाही. त्या गेल्या त्या गेल्याच, फोनही बंद झाला. मला वाटलं, डॉक्टरबाई आता आकांडतांडव करतील. मी स्वतःच सबनीसबाईंच्या नावाने दोन शब्द बोलून घेतले. डॉक्टरबाईंनी मला मध्येच तोडलं. "त्या बाईला उद्या काय खायचं ते माहीत नाही. तिने मांजर सोडलं. ज्याने हे मांजर असं घडवून विकलं, त्याचं दुकान अजून चालू आहे. राग चुकीच्या घरी नेऊन ठेवू नकोस, वर्षा."

कुकीला मी घरी नेलं. ती सोफ्यावर उडी मारायला जायची, मागचे पाय ताणायची आणि पुन्हा खाली बसायची. रोज रात्री तिला दुखण्याचं औषध पाजताना मला मालकाचा तो थंड आवाज ऐकू यायचा.

फेब्रुवारीत दुकानातून एक मांजरी घाईघाईने आणली. पिल्लं अडली होती. फोटोवरून मी तिला ओळखलं, ती कुकीची आई. जोडी तोडलीच नव्हती. मालक स्वतः आला होता. बाकी धंदा बसलाय, पण या कानांना अजून गिऱ्हाईक आहे, हिला काही होऊ देऊ नका, पुन्हा लावायचीय, असं त्याने बजावलं आणि तो बाहेर जाऊन बसला.

मदतनीसाला केव्हाच कामावरून काढलं होतं, म्हणून ट्रे धरायला मी उभी राहिले. डॉक्टरबाईंनी सिझेरियन करून चार पिल्लं काढली. माझ्या हातात टॉवेल होता, मी एकेक पुसत गेले. चौघांचेही कान सरळ होते. मी आनंदाने तसं म्हटलं.

"जन्मताना सगळ्यांचे सरळच असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळतं," त्या म्हणाल्या. मग पोट शिवायला घेण्याऐवजी त्या थांबल्या. मांजरीच्या मागच्या पायांवर त्यांनी हात ठेवला. तिथे सांध्यांची हाडं गाठीसारखी वाढली होती. "या पायांवर ही किती वेळा पिल्लं पोटात घेऊन उभी राहिली असेल," एवढंच त्या बोलल्या. आणि त्यांनी तिची पिशवी काढून टाकली.

हात धुऊन त्या सरळ बाहेर गेल्या. मालकापासून त्यांनी काही लपवलं नाही. "माँ और बच्चे ठीक हैं. बच्चादानी मैंने निकाल दी है. अब इसको बच्चे नहीं होंगे."

पुढचा अर्धा तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. तो ओरडत होता, पोलिसांत देईन म्हणत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, अवश्य द्या, मग तिथे मी कुकीचाही फोटो दाखवते आणि आईबापांचाही. त्याने तक्रार केली नाही, व्हिसा मात्र रद्द केला. त्या दिवसांत दुसरी नोकरी मिळणं शक्यच नव्हतं. ओळखीच्या मराठी मंडळींत हे कळलं तेव्हा लोक हसले. एका मांजरीपायी कोणी दुबईची नोकरी घालवतं का, वेडीच बाई. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या जनावरावर सुरी चालवली हे चूकच, असंही काही जण म्हणाले. मी त्यांच्याशी भांडले. ज्याचं जनावर, त्याला विचारायचं. आणि त्या जनावराला कोणी विचारलं होतं?

मी त्यांना शारजाच्या विमानतळावर सोडायला गेले. एकच बॅग होती. गाडीतही त्या भांडतच होत्या, सिग्नलशी, टोलशी, एसीशी. आत जाताना म्हणाल्या, कुकीचा बाप, तो दुकानातला बोका राहून गेला, त्याचं मला करता आलं नाही. पिल्लांचे कान कळव.

नव्या डॉक्टरांना कानांशी देणंघेणं नव्हतं, म्हणून मीच रोज सकाळी पिंजऱ्यापाशी जाऊन बघायची. चौथ्या आठवड्याच्या सुमाराला एकाचा कान टोकापाशी कलला, दुसऱ्या दिवशी दोन्ही. मग दुसऱ्या पिल्लाचे, मग तिसऱ्याचे. चौथ्याचे सरळ राहिले. तिसऱ्या पिल्लाची शेपूट आताच आखूड आणि जाड लागत होती. मालकाच्या माणसाने येऊन दुमडलेल्या कानांची तिन्ही पिल्लं दुकानासाठी नेली. चौथं मी मागितलं, ते त्याने फुकट दिलं.

मी जतला फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बोका अजून आहे का, विचारलं. मी आहे म्हटलं.

"मला इथून काही करता येत नाही गं," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. त्यात राग नव्हताच. मी घाबरले. तोवर माझा राग त्यांच्या रागाच्या आडोशाला आरामात बसलेला असायचा. त्या भांडत असल्या की मला भांडावं लागायचं नाही.

त्या शुक्रवारी मी मॉलमध्ये गेले. तिसरं पिल्लू काचेच्या पेटीत टेकून बसलं होतं आणि एक कुटुंब त्याचे फोटो काढत होतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्याकडे ना डिग्री होती ना डॉक्टरबाईंचा आवाज. हिंदीत, अडखळत, मी त्यांना ते पिल्लू तसं का बसलंय ते सांगितलं. त्याचे आईबाप कोण, त्याच्या पायांचं पुढे काय होणार, आणि हे माहीत असून ते कोणी जन्माला घातलं, तेही सांगितलं. बाईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला. ते निघून गेले. मग दुकानातल्या माणसाने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि परत आलीस तर सिक्युरिटी बोलावू, असा दम दिला.

पुढच्या शुक्रवारी मी परत गेले.