दोन बोटं सरकवलेलं बीकन

हे मी गावात आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. कॉम्प्युटरवर लढाऊ विमानांचा खेळ खेळणाऱ्या परदेशातल्या लोकांनी ज्या नकाशांसाठी माझे आभार मानले, त्यांतला एकही नकाशा मी काढलेला नव्हता. ते मेजरनी काढले होते.

मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत. आमच्या लोहाऱ्यात फौजेतून पेन्शनीवर आलेला कुणीही मेजरच असतो. हे हवाई दलात मेकॅनिक होते. "मेजर न्हाय ओ, मेकॅनिक," असं ते पहिलं वर्षभर सगळ्यांना समजावत होते. एक दिवस चहावाला म्हणाला, "बरं बरं मेजर," तेव्हापासून त्यांनी नाद सोडला.

तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर आधी बोटाकडं लक्ष गेलं असतं. उजव्या हाताची तर्जनी कधी स्वस्थ नसायची. चहाचा ग्लास, माझ्या काउंटरची काच, जीपच्या टपाची कड, जे हाताखाली येईल त्यावर टक, टकटक. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला कंप आहे. तो मोर्स असायचा, टकटकीतून अक्षरं पाठवायची तारेची भाषा. समोरचा फार बोलायला लागला की ते काचेवर काहीतरी वाजवायचे आणि एकटेच हसायचे. काय वाजवलं ते विचारलं तर म्हणायचे, "सांगण्यासारखं न्हाय."

विमानतळाजवळ रेडिओचं एक यंत्र असतं, बीकन. ते आपलं दोन-तीन अक्षरांचं नाव मोर्समध्ये सतत हवेत सोडत राहतं. ढगात काही दिसत नसलं की पायलट ते ऐकतो, विमानातली सुई त्या दिशेला वळते, आणि सुईमागं जाऊन तो धावपट्टीवर येतो. मेजरची सगळी नोकरी ही यंत्रं सांभाळण्यात गेली. "माझ्या बीकनवर आलेला एकबी गडी वाट चुकला न्हाय," एवढीच काय ती त्यांची बढाई.

माझं दुकान तहसीलसमोर. झेरॉक्स, सात-बारा, ऑनलाइन अर्ज, लॅमिनेशन. दुकानावर वडलांचं नाव मोठ्या अक्षरात आहे, पण मला सगळे 'ओ झेरॉक्स' म्हणूनच हाक मारतात. भिंतीकडच्या तिसऱ्या कॉम्प्युटरवर मी तो लढाऊ विमानांचा खेळ टाकून घेतला होता, दुपारी गिऱ्हाईक नसलं की विरंगुळा म्हणून. एकदा मेजर पेन्शनीचा हयातीचा दाखला भरायला आले आणि अर्ज अर्ध्यात सोडून उठले.

"मालक, थांबा. हे काय वाजायलंय?"

"गेम हाय मेजर. आवाज कमी करू का?"

"कमी काय करताव, वाढवा. हे बीकन हाय."

त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि डोळे मिटले. मग विचारलं, "ह्याचा नकाशा कुठाय?" खेळात काळ्या समुद्राकाठचा सगळा डोंगराळ मुलूख होता, पण कुठलं बीकन कुठं आहे ते नकाशात दाखवलेलं नव्हतं. मेजरना हे फार लागलं. "माणसं ढगात सोडायलेत आन् नकाशा न्हाय?"

दुसऱ्या दिवसापासून एक ते तीन, तहसीलची जेवणाची सुट्टी आणि पुढची सुस्ती, मेजर तिसऱ्या कॉम्प्युटरवर. शत्रूचं विमान मागं लागलं तरी ते बघायचे नाहीत. एका जागी विमान नेऊन अक्षरं ऐकायची, सुईची दिशा लिहायची. मग दूर दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा तेच. ट्रेसिंग पेपरवर दोन्ही जागांवरून पेन्सिलीनं रेघा ओढायच्या. रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं बीकन. तिसऱ्या जागेवरून खात्री झाल्याशिवाय शाई लावायची नाही, हा नेम. एकेका बीकनला दोन-दोन दुपारी जायच्या. सात-बारासाठी ताटकळलेली माणसं विचारायची, "मेजर गाणी ऐकायलेत का?"

"व्हय. एकच गाणं हाय, दोन अक्षराचं."

मी ट्रेसिंग स्कॅन करायचो, रंग भरायचो, इंग्रजीत नावं टाकायचो आणि खेळाडूंच्या एका साइटवर चढवायचो. साइटवर खातं माझ्या नावाचं होतं, म्हणून पहिल्या नकाशाखाली माझंच नाव लागलं. दोन दिवसांत पोलंडहून कुणीतरी माझं नाव घेऊन आभार मानले. मग ब्राझीलहून. आयुष्यभर दुसऱ्याच्या कागदाची नक्कल काढणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणी कर्ता समजलं होतं. वाटलं, उद्या दुरुस्त करू. तो उद्या मी येऊ दिला नाही.

मेजर रोज विचारायचे, "कुणी चूक काढली का?"

"न्हाय मेजर."

"मग कुणी वापरला न्हाय बगा. चूक काढणारा म्हंजे नकाशा हातात धरलेला माणूस."

आभाराचा एकही संदेश मी त्यांना दाखवला नाही. दाखवला असता तर वर माझं नाव दिसलं असतं.

ते निळ्या झेंड्याच्या चौकापलीकडच्या गल्लीत राहायचे. एकदा सहज म्हणाले होते, "मोर्समदी आडनाव नसतंय मालक. दोन अक्षरं, बास. म्हणून तर नोकरी गोड लागली." मला तेव्हा ते नुसतं ऐकायला छान वाटलं. त्यांचं नाव न घालण्यात त्यांच्या गल्लीचा काहीच भाग नव्हता, असं मी आज छातीला हात लावून म्हणू शकत नाही. दुसऱ्या कुणा फौजीचं नाव मी इतक्या सहज गिळलं असतं का, ठाऊक नाही.

दुसऱ्या नकाशाच्या वेळी माझी भीड चेपली होती. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक चौकट केली, तिच्यात माझं नाव, शेजारी छोटं विमान. चौकटीखाली एक बीकन जात होतं. मी ते दोन बोटं वर सरकवलं. कागदावर दोन बोटं म्हणजे खेळात मैलोगणती अंतर, हे मला कळत होतं. तरी सरकवलं. म्हटलं, कोपऱ्यात कोण जातंय.

महिन्याभरानं एक संदेश आला. चार जणांची तुकडी स्पर्धेत ढगातून परतत होती, रेडिओ बंद ठेवून, नुसत्या नकाशावर अंतर मोजत. नकाशातली बीकनची जागा धरून त्यांनी उंची सोडली आणि चौघंही डोंगरावर आदळले. माणूस सभ्य होता. बाकी नकाशा उत्तम आहे, असंही त्यानं लिहिलं होतं.

मेजरनी त्या दिवशीही विचारलं. मी 'न्हाय' म्हणू शकलो असतो. पण इतके दिवस माणूस ज्याची वाट बघतोय ते द्यावं असं वाटलं, आणि तोंडातून गेलं, "व्हय, एक निघाली."

त्यांचा चेहरा असा उजळला की आजही मला तो नीट आठवायचं धाडस होत नाही. "वापरला म्हणा की कुणीतरी! कुठलं बीकन?" मी सांगितलं. चौघांचंही सांगितलं. बोट काचेवर थांबलं.

"चौघं?"

"मेजर, गेम हाय ओ. ते लगेच दुसरं विमान घेऊन उडत्यात."

"गेम असू द्या. भरवसा तर खराच ठेवला ना त्यांनी." मग म्हणाले, "माझं ट्रेसिंग द्या बघू. शाई कुठं लावलीय ते बघतो."

ट्रेसिंग माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. त्यावर बीकन बरोबर जागी होतं. मी म्हटलं, "झाडणाऱ्या पोरीकडनं रद्दीत गेलं वाटतं."

त्यांनी पुन्हा सगळं मोजलं. तीन दुपारी. रेघा खऱ्या जागीच एकमेकींना कापल्या, नावाची चौकट वगळून मी छापून दिलेल्या नकाशापासून दोन बोटं खाली. ते बराच वेळ दोन्ही कागद बघत बसले.

"आता बरोबर आलं," ते म्हणाले. "म्हंजे तवा माझंच चुकलं. ऐकण्यात चुकलं का सुई बघण्यात, ते बी आठवंना. कान गेले मालक आपले."

मी तिथंच होतो, हातात कुणाच्यातरी आधार कार्डाचं लॅमिनेशन. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "वय झाल्यावर व्हतंय मेजर."

सोलापूरला जाऊन त्यांनी कान तपासून घेतले. डॉक्टरनं कान ठणठणीत सांगितले. मेजरचा विश्वास बसला नाही. "त्यांच्या मशीनला काय कळतंय," म्हणाले. तिसरा नकाशा अर्धा झाला होता, तो तसाच राहिला. दुपारी ते यायचे, पण हेडफोनकडं हात न्यायचे नाहीत. बाकावर बसून रस्त्याकडं बघायचे. बोलता बोलता "काय म्हणालाव?" असं विचारायला लागले, नीट ऐकू आलेलं असतानाही, खात्री करून घेण्यासाठी. घरीही तसंच, असं त्यांच्या बायकोनं एकदा बाजारात सांगितलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्यांचं होतं, तेही त्यांनी तिच्यावर सोपवलं. चूक होईल म्हणाले. ती हसत सांगत होती. मी कोथिंबिरीची जुडी निवडत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं. मी मातीला गेलो, मागच्या रांगेत उभा राहिलो आणि लवकर परतलो.

मागच्या आठवड्यात साइटवर जाऊन मी माझं नाव काढलं, त्यांचं घातलं, बीकन जागेवर आणलं आणि खाली झालेला प्रकार लिहिला. पोलंडवाल्यानं लिहिलं, आधी सांगायला हवं होतं. बस, एवढंच. ते सोपं होतं. तिथं मला कुणी ओळखत नाही, आणि रस्त्यात कुणी भेटणार नाही.

इथं मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही, कारण त्यांच्या घरी अजून गेलेलो नाही. माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटं. त्यांच्या बायकोसमोर बसून मला एवढंच सांगायचं आहे, की त्यांचे कान शेवटपर्यंत चांगले होते, बीकन मी हलवलं होतं, आणि हे त्यांना जिवंतपणी सांगायला माझ्याकडं दोन वर्षं होती. हे माझ्याकडचं देणं आहे. अजून दिलेलं नाही.